धोट्याचा क्लॅपर

माझे सासरे शामराव, आमचे बाबा, वर्षभरात माझ्याशी जेवढं बोलतात, तेवढं आमचा दूधवाला आठवड्यात बोलतो. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा वाटलं, सुनेवर रागावलेत. मग कळलं, सगळ्यांशीच असे. कापड मिलमध्ये बावीस वर्षं त्यांनी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. त्या खडखडाटाने कान गेले आणि कानांमागोमाग बोलणंही. समोर येऊन बोललं तर ओठांवरून तेवढं समजतं. दाराची बेल वाजून वाजून थकते, हे आपले पेपर वाचत बसलेले. मूग गिळून बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; यांनी अख्खं पोतं गिळलेलं.

माणूस हाताचा मात्र हुशार. मिल बंद पडल्यावर फोटोफ्रेमचं दुकान टाकून घर चालवलं. आजही आमच्याकडे काही मोडलं तर सुताराला बोलावत नाहीत. म्हणून माझ्या मुलीने, उर्वीने, कॉलेजच्या फिल्मसाठी क्लॅपर हवाय म्हटल्यावर बाबा कधी नव्हे ते आपणहून बोलले.

"बाजारातून कशाला मंगवते? मी बनवून देतो ना."

क्लॅपर म्हणजे शूटिंग सुरू होताना कॅमेऱ्यापुढे आपटतात ती पाटी. चित्र वेगळं रेकॉर्ड होतं, आवाज वेगळा. तो एक 'टक्' दोघांना जुळवतो, असं उर्वीने समजावलं. विकत घ्यायचा तर सात-आठशे रुपये. बाबांनी फ्रेमच्या उरलेल्या प्लायचा तुकडा कापला, शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग दोनदा दिला, जुन्या कपाटाची बिजागरी काढून घेतली. आपटायच्या दोन पट्ट्यांसाठी टणक लाकूड हवं होतं. ते उठले, माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला, आणि त्यातून फडक्यात गुंडाळलेला धोटा.

साच्यात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. हातभर लांब, आतून पोकळ, दोन्ही टोकांना लोखंड. लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता. बाबांनी टोकं काढली आणि करवतीने तो उभा चिरला. दोन दुपारी लागल्या. चहा द्यायला गेले तर करवत पुन्हा पुन्हा अडकत होती.

"राहू द्या बाबा, लाकडी फूटपट्टी लावू."

"नाही. हा एकदा कामाला येऊ दे."

उर्वीची फिल्म मिल कामगारांवर होती आणि पहिला कामगार घरातच होता. बैठकीत खुर्ची मांडली, बाबांना बसवलं, उर्वीने क्लॅपर आपटला. टक्.

बेल न ऐकणारा माणूस ताठ झाला. मान दाराकडे वळली, दोन्ही हात वर आले आणि बोटं भराभर कसल्यातरी खुणा करू लागली. दारात कोणी नव्हतं. मग हात खाली आले.

"हां, विचार ना," बाबा म्हणाले, काही झालंच नसल्यासारखे.

उर्वीने पुन्हा घेतलं. या वेळी ते फ्रिजकडे बघून खुणा करत होते. तिसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी. आम्ही टाळी वाजवून पाहिली, ताट वाजवून पाहिलं; ढिम्म. मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले, "हे मी नाही केलं." खोटं बोलणारा माणूस नाही हो तो.

तिन्ही तुकडे मी लागोपाठ पाहिले. दार, फ्रिज, कॅमेरा. ते ज्याच्याशी बोलत होते, तो दर वेळी पुढे येत होता. मी भित्री नाही. पण त्या दिवसापासून दारातून आत येताना मी अंग चोरून येऊ लागले, कुणाला धक्का लागू नये म्हणून.

दुसरी मुलाखत गयाबाईंची होती. त्यांचा नवरा धोंडिबा बाबांच्या शेजारचा साचा चालवायचा. चाळीस वर्षांपूर्वी मिलमध्येच अपघातात गेला. त्या येणार कळताच बाबांनी ताट सरकवलं.

"वहिनींना नको बोलवू."

कारण विचारलं तर अळीमिळी गुपचिळी. मला संतापच आला. घरात नाही नाही ते शिरलंय, आणि हे तोंड उघडत नाहीत!

गयाबाई आल्या. मी चहा दिला. उर्वीने त्यांना व्हिडिओ दाखवला. "आजी, आबा हे काय करून राहिलेत, समजतं का?"

गयाबाईंनी चष्मा चढवला. "मिलची बोली आहे बेटा. साच्यांच्या शोरमध्ये ऐकू कुठे यायचं? सगळे हातानेच बोलायचे. आमचे हे तर घरी पण, लेकरं झोपली की." मग त्यांनी कप खाली ठेवला. "कपाळावर दोन बोटं, हे तर ह्यांचं नाव. व्रण होता ना तिथे. शामभिया म्हणतायत, धोंडिबा, बाजूला हो. धोटा सुटला. बाजूला हो."

बाबा आतल्या दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. ते येऊन गयाबाईंसमोरच्या खुर्चीत बसले.

"उर्वी, वाजव ती पाटी."

टक्.

बाबांची नजर गयाबाईंच्या खुर्चीच्या मागे जाऊन थांबली. अगदी मागे, खांद्यावर हात ठेवता येईल इतक्या जवळ. हात वर उचलले गेले, आणि अर्ध्यावरच थांबले. या वेळी तोंड बोललं.

"धोटा उसळू नये म्हणून साच्यावर लोखंडी गज असतो, वहिनी. तुटलेला धागा जोडताना मध्ये यायचा, म्हणून मी तो काढून ठेवला होता. धोटा माझ्या साच्यातून उडाला आणि त्याला लागला. चौकशीवाले येईपर्यंत मी गज परत लावला. धोंडिबा नशेत होता, नको तिथे उभा राहिला, असं त्यांनी लिहिलं. मी गप बसलो. त्याने कधी थेंब घेतला नव्हता." त्यांनी उर्वीच्या हातातल्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "हा तोच."

उर्वीने क्लॅपर खाली ठेवला. गयाबाईंकडे बघायची मला लाज वाटली.

गयाबाई रडल्या नाहीत. "सगळे म्हणाले, पिऊन गेले होते. मी पण तेच मानलं. भिया, चाळीस साल मी त्यांना शिव्या घातल्या. लेकरांना सांगितलं, बापासारखं होऊ नका."

बाबांनी हात जोडले. गयाबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खुर्चीत हळूहळू मागे वळल्या, बाबा बघत होते तिथे. पदर डोक्यावर घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."