काकूंच्या भुताला गप्प कोणी करायचं

"काका, पकडा ना तिला! कुकर उघडा!" कल्याणी माझ्या खुर्चीमागून ओरडत होती.

मी उघडत नव्हतो. हातात गेमचा कंट्रोलर होता. समोर टीव्हीवर स्वैपाकघर होतं आणि ओट्यावर मांडी घालून एक जाडजूड पांढरं भूत बसलं होतं. नाकात नथ, हातात लाटणं. त्याचा आवाज माझ्या बायकोचा होता. शालनचा. तिचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं अजून.

"बोलणं संपलं तिचं," कल्याणी म्हणाली. "आता नाही पकडलं तर परत पहिल्यापासून सुरू होईल."

"होऊ दे."

कल्याणी ह्या ऑफिसात गेम बनवते. पोरगी सायखेड्याची आहे. तोंडाने फटकळ, पण कुठे थांबायचं ते तिला कळतं.

मी टेस्टर आहे. गेम बाजारात जायच्या आधी खेळायचा आणि तो कुठे मोडतो ते सांगायचं, हे टेस्टरचं काम. गेममधल्या चुकीला बग म्हणतात. माणूस भिंतीतून आरपार गेला, बग. भूत कपाटामागे अडकलं, बग. मी सातवी शिकलेला माणूस. अंबडला एका कारखान्यात पार्ट तपासायचो. तिथे गेज असायचं, म्हणजे मापाचा लोखंडी तुकडा. त्याचं एक टोक पार्टच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर माल पास, नाहीतर फेल. पार्ट कोणी बनवला, त्याच्या घरी काय अडचण आहे, हे गेजला कळत नाही. मलाही ती सवय लागली.

रिटायर झालो आणि शेजारच्या नौशादने पकडून आणलं. द्वारका चौकाजवळ त्याच्या वडिलांचं टायरचं दुकान आहे, त्यावर त्याचं ऑफिस. म्हणाला, "काका, ज्याने जन्मात गेम खेळला नाही असा माणूस पाहिजे मला. तुम्हाला जमलं तर कोणालाही जमेल." हा मान की अपमान, ते मी विचारलं नाही.

गेम भुताचा, पण भिण्यासारखा नाही. पिंट्या नावाचा एक इसम कुकर घेऊन भुतं पकडतो. झाकण उघडलं की भूत आत ओढलं जातं. तीन शिट्ट्या झाल्या की ते गेलं. भुतं पण कामाची नाहीत. एक लोणच्याच्या बरणीत हात घालून बसतं, एक मिक्सर चालू करून पळतं.

गेमच्या पहिल्या भागाच्या वेळेस नौशाद बूट घालून सरळ आमच्या स्वैपाकघरात आला. "काकू, भुतं पकडायचा गेम करतोय," असं काहीतरी सांगत होता. शालनने लाटणं उगारलं. "भूत पकड नायतर वाघ पकड, आधी चपला बाहेर!" तो हसत सुटला. तेच वाक्य तिला परत म्हणायला लावलं, मोबाइलवर घेतलं आणि गेममध्ये टाकलं. गेममध्ये मग पिंट्या स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी चपला काढायचा. अनवाणी पायांचा आवाज होत नाही, म्हणून भूत सावध होत नाही. लोकांना ते फार आवडलं. दुकानात टायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा वर डोकावून "चपला बाहेर का?" असं विचारायचं.

म्हणून दुसऱ्या भागासाठी नौशादने तिला अख्खी दुपार माईकसमोर बसवलं. ती बोलली. बोलायला तिला कधी कारण लागलं नाही. पुढे ती आजारी पडली आणि गेली. नौशादने ऑफिसात सांगून ठेवलं, "काकूंचं एक वाक्य कापायचं नाही." सगळं घातलं त्याने. भाजीत मीठ कधी घालावं, शेजारणीने कढई परत केली नाही, पिंट्याचं लग्न का जमत नाही, सगळं.

आणि तो रोज मला विचारायचा, "कसं वाटतंय काका?" मी म्हणायचो, बघतोय अजून.

तर दुसरा भाग. चांगलं आधी सांगतो, कारण होतं चांगलं. दोघांना एकत्र खेळता येतं. एकाने कुकर धरायचा, दुसऱ्याने भुताला हुसकायचं. नवरा-बायको, बाप-लेक, कोणीही. शिट्टीचा आवाज इतका खरा की खालच्या दुकानातला माणूस वर येऊन म्हणाला, "डाळ लागेल हां तुमची." भुतं पहिल्यापेक्षा जास्त नखरेल. गच्चीवरच्या टाकीत पोहणारं एक भूत आहे, त्याला पकडायला तर मी जेवण विसरायचो.

वाईट पण ऐका. एकाच कॉलनीत तोच जिना पाच वेळा चढायचा. गुडघे माझे दुखतात, पिंट्याचे नाही, पण कंटाळा मलाच येतो. खेळ सेव्ह करायचा, म्हणजे जिथवर आलो ते राखून ठेवायचं, तर फक्त देवघराच्या दिव्यापाशी. मध्येच कोणी दार वाजवलं तर केलेलं सगळं पाण्यात. हे मी सगळं सांगितलं. कल्याणीने अर्धं दुरुस्त केलं, अर्ध्याला "वेळ नाही काका" म्हणाली.

स्वैपाकघराचं तेवढं सांगितलं नाही. कोणीच सांगत नव्हतं.

मग शनिवारी बाहेरची माणसं खेळायला बोलावली. त्यात निफाडची एक बाई होती आणि तिची मुलगी, दहावीतली असेल. दोघी जोडीने खेळत होत्या, खिदळत होत्या. टाकीतलं भूत पहिल्या फटक्यात पकडलं. मग स्वैपाकघर आलं.

"आधी चपला बाहेर!" शालन ओरडली.

बाई थांबली. कंट्रोलरवरचं एकेक बटण दाबून बघायला लागली. पिंट्या उड्या मारायला लागला. ह्या भागात पिंट्याला नवे बूट दिलेत, स्प्रिंगचे, उंच उडी मारायला. ते निघत नाहीत.

"काका, चपला काढायचं बटण कुठंय?" तिने मला विचारलं.

"नाहीये. तसेच आत चला."

"तसेच कसं? त्या काढ म्हणताहेत ना."

बूट घालून स्वैपाकघरात जायला तिचा हातच होईना. गेममध्येसुद्धा. शेवटी मुलीने पुढे होऊन पिंट्याला आत ढकललं. शालनचं बोलणं सुरू झालं. मीठ झालं. कढई झाली. बटणं बंद, पुढे जाता येत नाही. मुलगी जांभई देत म्हणाली, "आई, ही बाई गप्प कधी बसणार गं?"

आईने तिला कोपर मारलं. तिला कोणी सांगितलं असेल, आवाज कोणाचा आहे ते. मला हसू आलं. मीही हेच म्हणायचो शालनला. "गप बस की जरा." ती म्हणायची, "मी गप बसले तर करमायचं नाय तुम्हाला." खरं बोलली.

त्या दिवशी जितके आले तितके उंबऱ्याशी अडकले. एकाने तर चिडून कंट्रोलर ठेवून दिला.

सोमवारी मीटिंग. मुंबईहून पब्लिशरचा माणूस व्हिडिओ कॉलवर होता. पब्लिशर म्हणजे गेम बाजारात नेणारी पार्टी. नौशादने विचारलं, "काका, रिपोर्ट?"

"स्वैपाकघर फेल," मी म्हटलं. "बोलणं लांबलंय. कापा."

कल्याणी खाली मान घालून बसली. नौशादने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काका, ते काकूंचं आहे."

"मला माहितीये कोणाचं आहे. तिच्याशी लग्न मी केलं होतं."

"मी नाही कापणार."

"अरे, लोकं वैतागतात तिच्यावर. परवा एक पोरगी म्हणाली, ही गप्प कधी बसणार. उद्या हजार जण म्हणतील. तिला शिव्या बसतील. ते चालेल तुला?"

तेवढ्यात कॉलवरचा माणूस म्हणाला, "मग किचन लेवलच ड्रॉप करा. सोप्पं आहे. तसाही गेम लांब वाटतोय." ड्रॉप म्हणजे काढून टाका. सगळंच. उंबरा, ओटा, शालन.

हे मी धरलं नव्हतं. बोलणं कापलं की ती राहील असं मी धरून चाललो होतो. पण फेल म्हटलेला माल मी आयुष्यात परत पास केला नाही.

बोलली कल्याणी. "एक मिनिट, सर. लोक बोलण्याने कंटाळले, पण अडकले त्याच्या आधीच. उंबऱ्याशी. सगळे चपला काढायला बघत होते. म्हणजे त्यांना ते हवंय. बूट घातले आपण आणि बटण काढून टाकलं, ते आपलं चुकलं."

"मग?" त्या माणसाने विचारलं.

"बटण परत देते. बूट काढले की उडी नाही, पण आवाजही नाही. दबक्या पायांनी जाऊन पकडायचं. काकूंचं एकच वाक्य ठेवते. पहिलं."

नौशाद म्हणाला, "आणि बाकीचं?"

"बाकीचं मला दे," मी म्हटलं.

पब्लिशरच्या माणसाने खांदे उडवले. "करून बघा. जमलं नाही तर ड्रॉप."

कॉल संपल्यावर नौशाद माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काका, शाळेतून आलो की पहिला घास मी तुमच्याकडे खायचो. म्हणून नव्हतो कापत."

"मला काय माहीत नाय होय?" मी म्हटलं. "पण तुझं प्रेम आहे म्हणून लोकांनी का ताटकळत बसायचं?"

नंतर मी कल्याणीला एकटीला गाठलं. म्हटलं, "पोरी, तिला न पकडता लेवल संपवता येत नाय का? नुसती जाऊ दे तिला, दाराने."

ती विचार करून म्हणाली, "काका, भूत न पकडता गेलं तर शिट्टी होत नाही. शिट्टी झाली नाही तर खेळणाऱ्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. परत परत तिथेच फिरत बसतात."

बरोबर होतं तिचं. मी वाद घातला नाही.

नवं स्वैपाकघर तयार झालं, ते तपासायचं काम माझंच. पिंट्या उंबऱ्याशी आला. "भूत पकड नायतर वाघ पकड, आधी चपला बाहेर!" मी बटण दाबलं. बूट निघाले, उंबऱ्याच्या कडेला नीट जोडीने बसले. अनवाणी गेलो. ती पाठमोरी होती, पोळ्या लाटत होती. कुकर उघडला. तीन शिट्ट्या झाल्या. कल्याणी मागे उभी होती.

"पास," मी म्हटलं. मग परत पहिल्यापासून खेळलो. टेस्टिंग एकदा करून होत नाही. त्या आठवड्यात मी तिला इतक्या वेळा पकडलं, की शेवटी शेवटी मी फक्त बूट कडेला सरळ बसतात की नाही तेवढंच बघत होतो.

गेम बाजारात गेला. लोकांनी लिहिलं, मजा आहे पण जिना फार चढावा लागतो. मी सांगितलं होतं. सेव्ह करायच्या जागा कमी आहेत. तेही सांगितलं होतं. पहिल्याइतका नवा वाटत नाही, असंही लिहिलं. बरोबर आहे, दुसरा आहे तो. पण चपलांचं बहुतेकांनी लिहिलं. एकाने लिहिलं, "आमच्या आजीची आठवण आली, बूट काढूनच गेलो." नौशादने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

कापलेलं बोलणं त्याने पेनड्राइव्हवर घालून दिलं. घरच्या टीव्हीला लावतो. मीठ, कढई, पिंट्याचं लग्न. इथे पुढे ढकलायचं बटण आहे. मी दाबत नाही. इथे कोणी खोळंबलेलं नाही.

ती गेल्यापासून मी चपला घालूनच स्वैपाकघरात जात होतो. ओरडणारं कोण होतं? आता परत उंबऱ्याबाहेर काढतो. जोडीने, कडेला.

धंद्याचं म्हणाल तर एवढंच शिकलो. दुसरा भाग करताना माणूस भर घालत सुटतो. पहिल्यात काय चाललं होतं ते आधी बघावं. आणि आपल्याला जे प्रिय असेल, त्याला गेज दोनदा लावावं.