धुतलेल्या काचा

हिवतापाचा जंतू ओळखायला मी अमरावतीला तीन आठवड्यांत शिकले. शिकवणाऱ्या वयस्क तंत्रज्ञांकडे रक्ताचा थेंब पसरून वाळवलेल्या काचांच्या दोन पेट्या होत्या. एकीत मेळघाटातल्या रोग्यांचं रक्त, बरीच वर्षं जपलेलं. दुसरीत शहरातल्या धडधाकट माणसांचं, त्याच आठवड्यात घेतलेलं. ते काचा मिसळून द्यायचे, मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वेगळ्या करायची. पुढे पुढे एकही चुकेना. इतर जण प्रत्येक काचेवर शंभर जागा तपासत, माझं पाच-सहा जागांत भागायचं. पोरीची नजर तेज आहे म्हणून त्यांनी मला अकोल्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं.

तिथे मी इतरांच्या दुप्पट काचा संपवू लागले. सगळ्या निर्दोष, एकीतही जंतू नाही. नोंद झाली की काचा साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा गावोगाव जात, कारण नव्या वेळेवर मिळत नसत. वेळ उरायचा, म्हणून धुण्याचं कामही मीच मागून घेतलं.

दहाव्या दिवशी बार्शीटाकळीकडचा आरोग्य कर्मचारी सायकल भिंतीला टेकवून आत आला. त्याच्या गावात एका बाईला सातवा महिना होता आणि एक दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता. तिचं रक्त त्याने दोनदा पाठवलं होतं, मी दोनदा ‘जंतू नाही’ लिहिलं होतं. आज त्याने तिसरी काच आणली होती.

“माह्यासमोर पाहा,” तो म्हणाला. “ताप खोटा हाये का तुमचं लिहिणं, थे कळू द्या.”

पाच-सहा जागा स्वच्छ होत्या. एरवी मी तिथेच थांबले असते. तो हलेना, म्हणून पुढे सरकत राहिले. चाळिसाव्या जागी रक्तपेशीत निळी बारीक अंगठी दिसली. मग आणखी एक.

तो गोळ्या घेऊन निघून गेला. मी ती काच उजेडात धरली, ताजी, स्वच्छ रंगाची. अमरावतीच्या रोगी काचा जुन्या होऊन पिवळसर पडल्या होत्या. मी तो पिवळेपणा ओळखायला शिकले होते, जंतू नव्हे. हल्ली यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवतात असं वाचते, तेव्हा त्यांना कोणत्या पेट्या दाखवल्या हेच आधी मनात येतं.

नऊ दिवसांच्या काचा मी स्वतः धुतल्या होत्या. गप्प बसले असते तर पुरावा नव्हता. तो विचार मी केला, चांगला अर्धा तास केला. मग प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. काचा कुठे आहेत, त्यांनी विचारलं. मी वाळत घातलेल्या रांगेकडे बोट दाखवलं. त्यांनी नोंदवही मागवली.

नोंदवहीतल्या प्रत्येकाचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं. कर्मचारी म्हणत, तपासणीवाल्या बाईंच्या नजरेपायी आमच्या सायकलींच्या चेनी तुटून राहिल्या. मी शंभर-शंभर जागा मोजत होते. आणखी चौघांच्या रक्तात जंतू सापडले. त्या गरोदर बाईचा ताप उतरला.

शेवटी एक मजूर आणि त्याची लहान मुलगी राहिली. कर्मचारी तीनदा गेला. घराला कुलूप होतं, कामाला कुठे गेले ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्या दोन नावांपुढे मी आधी ‘जंतू नाही’ लिहिलेलं होतं. ते खोडलं. त्या जागी काय लिहायचं, ते कुणी सांगितलं नाही.