अलीमियाँ परकारांचा अंगठा

अलीमियाँ परकार यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत एकही गोळी झाडलेली नव्हती. तरीही अल कुसैसमधल्या त्यांच्या इमारतीत आणि दाभोळ खाडीकाठच्या त्यांच्या गावात बंदुकीच्या विषयावर त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. शारजाच्या पलीकडे, वाळवंटातल्या एका खासगी नेमबाजी क्लबात ते एकोणीस वर्षे काडतुसे भरत होते. क्लबाचे परवाने यथासांग होते, सभासद गब्बर होते, आणि सरावासाठी लागणारी पिस्तुलाची काडतुसे वापरलेल्या पितळी पुंगळ्यांतच पुन्हा भरून घेण्याची तिथे रीत होती. हे काम ज्या खोलीत चाले तिच्या दारावर ‘अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही’ अशी तीन भाषांतली पाटी होती. त्या दारापुरते अलीमियाँ अधिकृत होते, आणि स्वतःविषयी याहून अधिक काही सांगण्याची गरज त्यांना क्वचितच भासे.

दावतीच्या दस्तरखानावर बसले की मात्र ही मितभाषी वृत्ती ढळे. “झाडायचं काय, कुणीही झाडतो,” बिर्याणीचा घास हातात तोलत ते म्हणत, “गोळी सरळ बसवायला हात लागतो.” यावर धाकटी सफा फोनमधून डोकेही न काढता म्हणे, “अब्बा, यू हॅव नेव्हर इव्हन हेल्ड अ गन.” त्यांच्या पत्नी अजराबी मुलीला डोळे वटारत, पण हसू दाबण्यासाठी त्यांना ओढणीचा पदर तोंडाशी न्यावा लागे, हे सगळ्यांना दिसे.

वस्तुतः गोळी बसवण्याची कृती फारशी गूढ नाही. रिकाम्या पुंगळीचे तोंड आधी एका साच्यात दाबून केसभर फुलवतात, म्हणजे गोळीला आत उतरायला उंबरठा मिळतो. मग गोळी वर ठेवायची आणि प्रेसचा, म्हणजे दाबयंत्राचा, दांडा खाली ओढायचा. तोंड पुरेसे फुललेले नसले तर गोळी कडेवर अडते, कलती होऊन आत घुसते, आणि दाढ दुखणाऱ्या माणसाच्या गालासारखी पुंगळी एका अंगाने फुगते. असे काडतूस पिस्तुलात अर्ध्यावर अडकते. किती फुलवायचे याचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि तो मोजायला कॅलिपर मिळतो.

अलीमियाँ पुस्तिका वाचत नसत. दोन वर्षांपूर्वी क्लबात आलेल्या एका परदेशी प्रशिक्षकाने तीन मिनिटे त्यांचे काम पाहून, बहुधा सौजन्यापोटी, ‘सर्जनची बोटं आहेत तुमची’ असे उद्गार काढले, आणि एका निरुपद्रवी माणसाचा नाश सुरू झाला. त्या दिवसापासून अलीमियाँ पुंगळीचे तोंड फुलवणारा साचा दर महिन्याला थोडा थोडा वर सरकवू लागले, म्हणजे तोंड कमी कमी फुलू लागले. फुलवण्याने पितळ चिरते, आपण क्लबाचे पितळ वाचवतो, असे ते सांगत. न सांगितलेले कारण असे की, तोंड पुरेसे फुलवले की गोळी कुणाच्याही हातून सरळ बसते. आणि कुणाच्याही हातून होणारे काम आपण एकोणीस वर्षे करीत आलो, हा विचार त्यांना सोसणारा नव्हता. अरुंद तोंडावर गोळी अंगठ्याने तोलून धरायची आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढायचा, ही त्यांची स्वतःची पद्धत. दीड वर्ष अंगठ्याने साथ दिली. मग तो बुडाशी सुजला.

सप्टेंबरात विनिता दामले यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. विनिताबाई डोंबिवलीच्या, क्लबाच्या ऑपरेशन्स मॅनेजर, आणि प्रत्येक दुःखाचा एक फॉर्म असतो अशी श्रद्धा असलेल्या.

“अलीमियाँ, या महिन्यात बावीस कम्प्लेंट्स. गोळ्या वाकड्या बसतायत. मला रूट कॉज हवंय, गुरुवारपर्यंत.”

“मॅडम, बघतो मी. इन्शाल्ला—”

“इन्शाल्ला नाही, गुरुवार. नाहीतर मॅनेजमेंट रेडीमेड काडतुसं घेणार आणि खोली खलास. तुम्हाला मी फ्रंटला घेईन, काळजी करू नका. कानाचे मफ्स द्यायचे काउंटरवर.”

कानाचे मफ्स! अलीमियाँनी त्या दुपारी खोलीचे दार आतून लावून घेतले आणि एकोणीस वर्षांत प्रथमच पुस्तिका उघडली. साचा खाली सरकवून छापील आकड्यावर आणला, कॅलिपरने मोजला, अंगठा मुद्दाम पाठीमागे धरला आणि शंभर गोळ्या बसवल्या. शंभरच्या शंभर सरळ. इतके सरळ काम पाहून इतका खट्टू झालेला कारागीर त्या वाळवंटाने पूर्वी पाहिला नसावा.

दोष सापडला होता, दुरुस्तही झाला होता. उरला होता तो फॉर्म. त्यात कारणासाठी पाच पर्याय दिले होते: माणूस, यंत्र, माल, पद्धत, हवा. ‘यंत्र’ म्हणावे तर खोली बंद. ‘माल’ म्हणावे तर माल पुरवणारा मालकाचा मेहुणा. ‘पद्धत’ त्यांची स्वतःची. आणि ‘माणूस’ म्हणावे, तर त्या खोलीत माणूस एकच होता. अलीमियाँनी सखोल चिंतनान्ती ‘हवा’ या चौकोनात खूण केली.

“हवा?” विनिताबाईंनी विचारले.

“ह्युमिडिटी, मॅडम. या दिवसांत पितळ घाम धरतं. गोळी घसरते.”

“पण इतकी वर्षं नाही घसरली ती?”

“हवा बदलली ना आता. पेपरात येतं की रोज.”

व्यवस्थापनाला हे कारण अतिशय आवडले. हवेला राग येत नाही, हवेचा कुणी मेहुणा नसतो, आणि हवेवर यंत्र विकत घेता येते. आठ दिवसांत हवेतला ओलावा शोषणारे कपाटाएवढे यंत्र खोलीत येऊन घरघरू लागले. “साडेसहा हजार दिरहम,” विनिताबाई अभिमानाने म्हणाल्या, “म्हणजे दीड लाख रुपये, अलीमियाँ!” गोळ्या सरळ बसतच होत्या, श्रेय घरघरणाऱ्याला मिळाले. मालकाने त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. फोटोच्या कडेला अलीमियाँचा एक खांदा आला आहे.

असत्य एकदा चौकोनात बसले की त्याचे तर्कशास्त्र फार सरळ चालते. सगळा घोळ हवेचा होता आणि हवा आता ताब्यात आली आहे, तर खोली एकाच माणसावर अवलंबून का ठेवायची? विनिताबाईंनी ड्युटी फिरती केली. पहिली पाळी रिसेप्शनवरच्या शुभ्रा गायधनी यांची: नाशिकच्या, दोन मुलांची आई, कामाला चोख. त्यांनी पुस्तिका वाचली, आकडा मोजला, प्रेसचा दांडा ओढला.

“अंकल, हे तर सोपं आहे की!” त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट.

अलीमियाँ तडक केबिनमध्ये गेले. कबुलीखेरीज आता दुसरी मिळकत त्यांच्यापाशी उरली नव्हती.

“मॅडम, हवा नव्हती. मी होतो. साचा मीच वर चढवला होता, दोन वर्षं. नुसत्या अंगठ्यावर बसवत होतो. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं ते.”

शेवटचे वाक्य त्यांनी किंचित मान ताठ करून म्हटले. विनिताबाईंनी स्क्रीनवर त्यांचा जुना फॉर्म उघडला.

“हे खरं असेल तर मला दोन फॉर्म उघडावे लागतील, अलीमियाँ. एक तुमचा आणि एक त्या मशीनचा. मालकांचा फोटो आहे त्याच्याबरोबर.” त्यांनी फॉर्म पुन्हा मिटला. “राहू दे ना हवाच.”

“पण मग खोली?”

“काउंटरवर तुमच्यासारखा सीनियर माणूस हवाच आहे मला.”

त्या रात्री जेवताना अजराबींनी विचारले, “काय म्हणाली मॅडम?” अलीमियाँ म्हणाले, “प्रमोशनसारखंच आहे.” सफाने प्रथमच फोन खाली ठेवला.

आता ते काउंटरवर उभे राहून सभासदांना कानाचे मफ्स देतात. मात्र खोलीचे दार त्यांना पुरते मिटलेले नाही. ओलावा शोषणाऱ्या यंत्राच्या पोटातल्या ट्रेमध्ये पाणी साचते आणि ते रोज कुणालातरी ओतावे लागते. त्यासाठी त्यांच्या दार उघडण्याच्या कार्डाला दुपारी साडेचार ते चार चाळीस अशी दहा मिनिटांची परवानगी जोडली आहे. ऑक्टोबर सरता सरता हवा कोरडी पडली आणि ट्रे रिकामाच निघू लागला. अलीमियाँ तरीही साडेचारच्या ठोक्याला आत जातात, ट्रे दोन्ही हातांनी न हिंदकळवता बाहेर काढतात, प्रेसशेजारून सावकाश बेसिनपाशी नेतात आणि उपडा करतात.

“अंकल, पाणी तर नाहीये त्यात,” एकदा शुभ्राबाई म्हणाल्या.

“नसलं तरी बघावं लागतं,” अलीमियाँ म्हणाले आणि चार चाळीसपर्यंत ट्रे पुसत राहिले.