नणंदेची लस

माझी नणंद माझ्याहून वर्षभराने लहान. तरी मी तिला ताई म्हणायचं आणि तिने मला वहिनी. लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा ती अमरावतीत राजापेठेला खोली घेऊन एमएस्सी करत होती. शनिवारी घरी यायची, ओट्याच्या कडेला टेकून बसायची आणि आठवड्याभराचं सगळं आईला सांगायची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. मैत्रिणीचं भांडण, पाळीत दुखलेलं पोट, एखाद्या मुलाने पाठवलेला मेसेज, काही म्हणजे काही लपवायची नाही. सासूबाई कधी रागवायच्या, कधी हसायच्या. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

माझं माहेर धामणगाव रेल्वे या गावचं. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईने कपाटातून कापडाची घडी काढून हातात दिली आणि "बाबाले दिसू देऊ नको" एवढंच म्हणाली. त्यानंतर अंगावरून पांढरं जात होतं तेव्हाही तिने मला गप्पच केलं. मायलेकी अशाच असतात असं मी धरून चालले होते. ते तसं नसतं हे मला सासरी येऊन कळलं.

एका शनिवारी ताईने कॉलेजात झालेल्या एका व्याख्यानाचं सांगितलं. एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, तो शरीरसंबंधातून येतो, पुष्कळ जणांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातोही. ज्या बाईच्या अंगात तो वर्षानुवर्षं टिकतो, तिला पुढे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. त्यावर लस आहे आणि ती आधीच घेतलेली बरी. सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांची थोरली बहीण पिशवीच्या आजारानेच गेली होती. तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल घरात कोणी बोलत नसे.

"तुले कोणी सांगतलं का, लगन व्हायच्या आंधी घेता येते?" त्यांनी विचारलं.

"आधीच घ्यायची असते आई," ताई म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात त्या तिला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेल्या. मला सोबतीला नेलं, म्हणजे पिशवी आणि पाण्याची बाटली माझ्याकडे होती. आत जाताना मी उठले तर सासूबाई म्हणाल्या, "तू बस इथंच. तुहं त लगन झालं." त्यात वाकडं काही नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं. पण मी बाकावर बसून त्या बंद दाराकडेच बघत राहिले. दार उघडलं तेव्हा ताई दंडावर कापूस दाबून बाहेर आली आणि तिची ओढणी सासूबाईंनी स्वतःच्या हातावर घेतली होती. घरी आल्यावर तिला बादलीही उचलू दिली नाही. बादली मी उचलली. रोज मीच उचलायची, पण त्या दिवशी ती जड लागली.

तिची आई तिला वाचवत होती आणि मला वाचवणारं कोणी नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. ताईशी मी हो-नाहीपुरतं बोलायला लागले. अमरावतीहून तिने मेसेज केला की डॉक्टरांना मी तुमच्याबद्दल विचारलं होतं, लग्न झालेल्यांनाही घेता येते. मला ती दया वाटली. मी उत्तर दिलं नाही. नवऱ्याला सांगावंसं वाटलं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

लशीच्या दुसऱ्या डोसच्या वेळी सासूबाईंचा गुडघा धरला होता. त्यांनी मला पाठवलं. या वेळी ताईने माझा हात धरून मला आतच नेलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "या माझ्या वहिनी. यांना पण सांगा."

डॉक्टर वयस्क होत्या, घाईत नव्हत्या. लग्न झालं म्हणून लस चालत नाही असं काही नाही, त्या म्हणाल्या. मात्र विषाणू आधीच येऊन गेला असेल तर त्याच्यावर लस काम करत नाही. जो अजून आला नाही त्याच्यापासून जपते. आणि लस घेतली तरी तिशीपासून पिशवीच्या तोंडाची तपासणी करत राहायची.

"म्हणजे ताईंइतका फायदा मला नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कडू लागला.

"कदाचित नाही," त्या म्हणाल्या. "पण काहीच नाही त्यापेक्षा पुष्कळ आहे."

त्यांनी खोटं बोलून मला खूश केलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला. मी बाही वर केली.

परतताना ऑटोत मी ताईला विचारलं, आईला हे सगळं तुम्ही सांगता तरी कसं? ती म्हणाली, आधी आई पण ओरडायची. बारावीत असताना पाळीबद्दल काही विचारलं तर दोन दिवस बोलली नव्हती. "मी सांगतच राहिले वहिनी. मग तिला सवय झाली."

ते हसणं तिला आयतं मिळालेलं नव्हतं तर. ते कळूनही माझा हेवा गेला नाही. उलट वाढला, कारण मी माझ्या आईला कधी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं की मी पण घेतली. त्या गुडघा धरून उठून बसल्या. मग म्हणाल्या, "मले सांगतलं काहून नाई? गुडघा घेऊन आली असती मी."

मी भाजी चिरायचं निमित्त करून पाठ फिरवली.

त्या रविवारी मी आईला फोन लावला. तपासणी करून घे म्हटलं. तिने फोन ठेवून दिला. मी पुन्हा लावला. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "माह्या वयात कोणाले दाखवत फिरू व?" मी सासूबाईंच्या बहिणीचं सांगितलं. या वेळी तिने फोन ठेवला नाही. संक्रांतीनंतर आई अकोल्याला आली. सासूबाई आणि ती, दोघी एकाच दिवशी तपासून घ्यायला गेल्या. आईने आत जाताना माझा पदर मुठीत धरला, तो पार आत जाईपर्यंत सोडला नाही. पुढच्या शनिवारी ताई घरी आली त्या दिवशी दोघींचे रिपोर्ट चांगले आले.

त्या संध्याकाळी आई ताईच्या शेजारी बसून कितीतरी वेळ बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. निघताना मला म्हणाली, "पोरगी मोठी गुणाची आहे व तुही नणंद. तिच्यासंगं बोलाले काही भेवच वाटत नाही."

मी तिची बॅग उचलून स्टेशनच्या ऑटोत ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. चांगलंच झालं होतं सगळं. तरी रस्ताभर मी आईशी धड बोलले नाही.