तांब्याचा हंडा

आमच्या ट्रॉय शहरातल्या त्या म्हाताऱ्या भंगारवाल्याचं नाव मी विचारलं नाही. आईने विमानात मांडीवर धरून आणलेला तांब्याचा हंडा मी त्याच्यापुढे ठेवला. हातमोजे काढून तो झोपेत असल्यासारखा त्यावर बोटं फिरवत राहिला.

"हजारो वर्षं माणसं हेच तांबं वितळवतायत," तो पुटपुटला. "कधी नाणं, कधी भांडं. आता कुणाच्या तरी भिंतीतली वायर होईल." मग थबकला. "रोज घासलेला दिसतोय. घासणारीला विचारलंस का?"

"ती गेली," मी म्हणालो.

"सॉरी, मॅन." त्याने टोपी काढून डोळे मिटले.

मला गराजमध्ये दुसऱ्या गाडीला जागा हवी होती, एवढंच. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण आई तेव्हा घरी मेथी निवडत बसली होती.