चुकीच्या उत्तरांचा खेळ

विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे 'चकवाबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मी त्याच शाळेतला चित्रकलेचा मास्तर. माझे तास सराव परीक्षांनी केव्हाच गिळले. आता पेपर मोजणं आणि रिकाम्या तासाला पोरं सांभाळणं, एवढ्याचा मी पगार घेतो. त्यामुळे बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायला मला वेळच वेळ होता.

दरवर्षी सगळ्या शाळांची मिळून एकच परीक्षा होते. प्रश्न, खाली चार पर्याय, त्यातला एक गोल काळा करायचा. गेल्या वर्षी आमचा निकाल साफ आपटला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "एक सत्र देतो. हवं तसं शिकवा. मार्क वाढले नाहीत तर रोज सरावाचा पेपर, तुम्ही फक्त वाटायचा."

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "पेपरच वाटायचे तर मी कशाला हवी, सर?"

मग त्यांनी खेळ काढला. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळायची, तिच्यात प्रश्न आणि बरोबर उत्तर. तीन चुकीची उत्तरं ज्याची त्याने बनवायची आणि चारही वर्गापुढे वाचायची. ज्याच्या चकव्याला जास्त जण फसतील तो जिंकला. मूर्खासारखं उत्तर बनवलं तर कोणी फसत नसे. चांगलं फसवायचं तर धडा नीट कळावा लागे. बाईंचा कावा तोच होता.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तोंडातल्या तोंडात बोलायची म्हणून सगळे तिला 'पुटपुटी' म्हणत. तिचा प्रश्न होता, उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं? तिने एक पर्याय ठेवला, 'हवा'. अख्खा वर्ग फसला. मीही ऐटीत हात वर केला होता. उत्तर होतं वाफ. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

"सुचलं कसं गं तुला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या आईला तसंच वाटतं, बाई," पुटपुटी चक्क मोठ्याने म्हणाली.

त्या दिवशी बाई हसत घरी गेल्या. मार्कांचं त्यांना फारसं काही नव्हतंच, त्यांना तो गलका वाचवायचा होता.

सत्राअखेर मार्क मात्र वाढले, चांगले घसघशीत वाढले. आणि तिथेच सगळा घोळ झाला. मुख्याध्यापकांना खेळ इतका आवडला की त्यांनी तो सगळ्या वर्गांना, सगळ्या विषयांना, प्रत्येक तासाला लावला. बारा मिनिटं, मग घंटा. वर एक तक्ता: किती चकवे बनवले, किती जण फसले. पाचाच्या खाली फसले तर पालकांना चिठ्ठी. बाई दोनदा भांडल्या. "तुमचीच कल्पना आहे, बाई," ते कौतुकाने म्हणाले.

महिन्याभरात मुलांनी शेजारच्या तुकडीच्या वह्यांतले चकवे उतरवून घेतले. पुढे चुकीची उत्तरंसुद्धा पाठ झाली. कोण कशाला फसणार ते मधल्या सुट्टीतच ठरू लागलं. 'हवा' आली की पाच हात निमूटपणे वर जात.

परवा मी मागच्या बाकावर होतो. बाईंनी चिठ्ठ्या काढल्या तशी पुटपुटी उभी राहिली.

"बाई, आज खेळ नको ना. साधा पेपरच द्या."

"का गं?"

"त्यात किती जण फसले ते कोणी विचारत नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंनी कपाटातून सरावाच्या पेपरांचा गठ्ठा काढला आणि बाकाबाकाशी जाऊन वाटला. चाळीस माना खाली गेल्या. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, तक्ता पुढे ओढला आणि फसलेल्यांच्या रकान्यात पाच लिहिलं.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हे मीच केलं ना?"

मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"हो," मी म्हणालो.