धुळ्याच्या स्केटिंग रिंगवर फुटलेला नारळ

आम्ही जायचं ठरवलं ते नियमपत्रिकेतल्या एका ओळीमुळे: 'हौशी गट, वयाची अट नाही.' धुळ्याला चाकांच्या स्केट्सवर नाट्यप्रवेशाची स्पर्धा होती. वेश, सामान, संगीत आणि तीन मिनिटांत एक गोष्ट, सगळं चाकांवर. पत्रिका मी सात वेळा वाचली. दहावीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हापासून छापील कागद मी असाच वाचतो. काहीतरी निसटेल अशी धास्ती असते. चौथ्या नियमाखाली पेनाने रेघ मारली. 'रिंग कोरडी व स्वच्छ असेल.'

माझे जोडीदार नाना. वय एकसष्ट, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. भुसावळला आमच्या कॉलनीतल्या बॅडमिंटनच्या सिमेंट कोर्टवर त्यांनीच मला स्केटिंग शिकवलं. आमच्या प्रवेशात मी ट्रंक घेऊन धावत सुटलेला प्रवासी आणि नाना निवृत्तीच्या दिवशीचा गार्ड. प्रवासी गाडीत चढतो, गाडी निघून जाते, फलाटावर गार्ड एकटा उरतो. मग तो हिरवा झेंडा गुंडाळत एका पायावर तीन गिरक्या घेतो आणि थांबतो. खऱ्या निवृत्तीच्या दिवशी नानांकडून झेंडा जमा करून घेतला आणि एक सही घेतली, तेवढंच झालं होतं. त्या तीन गिरक्यांसाठी त्यांनी आठ महिने सराव केला.

भुसावळहून सकाळची पहिली जळगाव बस पकडली, तिथून धुळ्याची. एरंडोल, पारोळा करत एकूण चार तास धरा. हमरस्ता आता चांगला आहे, वेळ जातो तो जळगावातून बाहेर पडताना. पारोळ्याला चहा घ्या. तिथे बसमध्ये शेजारी बसायला आलेल्या एका अक्कांनी नानांच्या मांडीवरचे स्केट्स पाहून विचारलं, "हाई काय शे, नाना?"

"चाकांचे बूट."

"या वयमा?"

"इतकी वर्षं गाडीची चाकं सांभाळली, अक्का. आता स्वतःची."

अक्का धुळ्यापर्यंत हसत होत्या. रागाच्या आधीची ही शेवटची चांगली आठवण.

स्पर्धा दहाला होती. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. मधल्या वेळात नानांनी समोरच्या खाणावळीत शेवभाजी खाल्ली (तिखट कमी करायला आधीच सांगा, नंतर कोणी ऐकत नाही).

पाहुणे आले आणि थेट रिंगवर नेले गेले. शाल, हार, भाषण. वरून झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. आणि मग त्यांच्या हस्ते नारळ फोडला. कुठे, तर रिंगच्या बरोबर मध्यभागी, गुळगुळीत फरशीवर, जिथे पाच मिनिटांनी आम्ही कडक चाकांवर उभे राहणार होतो. पाणी चहूकडे पसरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

छातीवर बिल्ला लावलेल्या आयोजकांकडे मी पत्रिका घेऊन गेलो. चौथा नियम दाखवला.

"नियम आम्हीच लिहिलेत, भाऊ," ते कागदाकडे न बघता म्हणाले. "नारळाचं पाणी आहे. शुभ असतं."

पुसायला काहीतरी द्या म्हटलं. एक जण आणायला गेला तो परतलाच नाही. शेवटी मी माझा टॉवेल काढला आणि प्रवाशाच्या वेशातच गुडघ्यांवर बसून फरशी पुसू लागलो. प्रेक्षकांना वाटलं प्रवेश सुरू झाला. ते हसले. कोणीतरी ओरडलं, "तिकडं बी पुस ना, भो." चुरगळलेल्या पाकळ्या फरशीला लेपासारख्या चिकटतात, नखाने खरवडाव्या लागतात. निम्मा मधला भाग झाला आणि आमचं नाव पुकारलं. थोडं थांबा म्हणालो तर उत्तर आलं, आधीच उशीर झालाय. उशीर कोणी केला होता?

नानांची पहिली गिरकी स्वच्छ झाली. दुसरीत पाय वीतभर सरकला आणि चाक पाकळीवर गेलं. ते डाव्या मनगटावर पडले. टोपी घरंगळत गेली. नाना क्षणभर बसून राहिले. मग तिथेच, बसल्या बसल्या, त्यांनी झेंडा गुंडाळला, टोपी ओढून डोक्यावर घातली आणि गेलेल्या गाडीला सलाम केला. सगळी माणसं उठून उभी राहिली.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक माईकवर म्हणाले, "पडण्याचा अभिनय अप्रतिम." मी तोंड उघडलं, तोच नानांनी चांगल्या हाताने माझं कोपर दाबलं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, खरं का सांगू दिलं नाहीत? मनगट तोवर टम्म सुजलं होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर मी घसरलेला म्हातारा झालो असतो. आता मी नट आहे. राहू दे."

त्यांचं म्हणणं मला कळतं. पण एका माणसाला या दोनच गोष्टींतून निवडावं लागलं, याचा संताप अजून गेलेला नाही. नारळाबद्दल कोणीच कोणाला काही विचारलं नाही.

महिना झाला. प्लास्टर निघालं. चषक नानांच्या टीव्हीशेजारी आहे. लोक येतात आणि म्हणतात, नाना, ते पडून दाखवा ना. नाना दाखवतात. झेंडा गुंडाळत घेतलेल्या त्या तीन पूर्ण गिरक्या आमच्या कोर्टवर मी कितीदा तरी पाहिल्या आहेत. त्या दाखवा असं कोणी म्हणत नाही, कारण त्या होत्या हेच कोणाला माहीत नाही.

तुम्ही अशा स्पर्धेला जाणार असाल तर जरूर जा, फक्त पुसायचं फडकं स्वतःचं न्या. एक नाही, चार न्या. नाना हे वाचून रागावतील. रागावू देत. तो अभिनय नव्हता. फरशी ओली होती.